दर्याचे जलरंग : प्रल्हाद अनंत धोंड

प्रल्हाद अनंत धोंड (१९०८-२००१) हे नाव महाराष्ट्रात दोन वेगवेगळ्या वर्तुळांत घेतले जाते. चित्रकारांच्या वर्तुळात ते समुद्राचे जलरंगकार आणि मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचे, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या 'जे. जे.'चे, माजी अधिष्ठाता. मराठी वाचकांच्या वर्तुळात ते 'रापण' या खुसखुशीत पुस्तकाचे लेखक. चित्रे पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी पुस्तक वाचलेले नसते आणि पुस्तकावर जीव असलेल्या कित्येकांनी त्यांचे एकही मूळ चित्र डोळ्यांनी पाहिलेले नसते. या दोन्ही धोंडांना एकत्र पाहिल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल नीट कळत नाही.

धोंडांच्या समुद्रचित्राची पहिली भेट फसवी असते. राखाडी-निळे आकाश, त्याहून जरा गडद पाण्याचा पट्टा, ओल्या पुळणीवर ओढून ठेवलेल्या एक-दोन होड्या, दूरवर माणसांचे चार ठिपके. घराच्या भिंतीवर शोभून दिसेल असे प्रसन्न निसर्गचित्र, एवढाच शेरा मारून पुढे जाणे सोपे असते आणि समीक्षेने पुष्कळदा तेच केले आहे. स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेचा इतिहास बंडखोरांच्या अंगाने लिहिला गेला. त्यात किनाऱ्यावर बसून पाणी रंगवणाऱ्या वास्तववादी चित्रकाराला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. प्रत्यक्षात ही चित्रे जितकी सोपी दिसतात तितकीच करायला अवघड आहेत आणि त्यांतला वास्तववाद तपशिलांच्या गर्दीतून आलेला नाही.

आपल्याकडे समुद्र चित्राचा विषय झाला तोच मुळी उशिरा. कोकणातल्या पिंगुळीच्या चित्रकथींत रामायण-महाभारतातल्या कथा होत्या. परिसर हा त्यांचा विषय नव्हता. मुंबई बेटाची पहिली लक्षणीय दृश्यचित्रे केली ती बाहेरून आलेल्यांनी. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याची मुंबई आणि परिसराची बारा दृश्ये १८०० साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. त्यांत समुद्र आहे तो बंदराची पार्श्वभूमी म्हणून. १८५७ साली जे. जे. सुरू झाले आणि ब्रिटिश पद्धतीच्या शिक्षणाबरोबर जलरंगातले निसर्गचित्रणही इथे रुजले. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत मुंबईच्या वास्तववादी परंपरेने निसर्गचित्रणात मोठी मजल मारली. एम. के. परांडेकर, ल. ना. तासकर, सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर, मूळचे गोव्याचे आंतोनियो त्रिंदाद यांची कामे आजही पाहणाऱ्याला थांबवतात. कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी तर रंकाळा आणि कोटितीर्थाच्या काठी बसून आयुष्य काढले. मात्र या परंपरेचा ओढा मुख्यतः घाटांकडे, देवळांकडे, बाजारांकडे आणि झाडांच्या सावल्यांकडे राहिला. समुद्र अधूनमधून येई. कुणी त्याला आयुष्यभराचा विषय केला नव्हता. ते काम धोंडांनी केले.

त्यांचा जन्म १९०८ सालचा, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्याआधी बाणकोटपासून पार रेडीपर्यंतचा किनारा याच एका जिल्ह्याचा होता. त्या काळच्या कोकणी माणसाचे समुद्राशी असलेले नाते सहलीचे नव्हते. मुंबईला जायचे तर आगबोटीने. बहुतेक बंदरांत धक्का नसल्याने पडावात बसून बोटीपर्यंत जावे लागे. पावसाळ्यात बोटी बंद पडत आणि गाव मुंबईपासून तुटे. किनारा जसा जमिनीवरून दिसे तसाच तो डोलणाऱ्या बोटीवरूनही, माडांची एक हिरवी-काळी रेघ म्हणून, दिसे. धोंडांच्या चित्रांत किनारपट्टी पुष्कळदा अशा एकाच ओघवत्या फटकाऱ्याने येते. झाडे मोजता येत नाहीत, पण ती माडांची रांग आहे याविषयी शंका राहत नाही. ही नजर पर्यटकाची नव्हे.

जे. जे.शी त्यांचे नाते विद्यार्थी, शिक्षक आणि अखेर अधिष्ठाता असे तिपेडी होते. १९३०च्या आसपासच्या जे. जे.त मान होता तो मानवाकृतीला. संचालक ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत प्रत्यक्ष मॉडेलवरून अभ्यास आणि भित्तिचित्रे यांवर भर होता. व्यक्तिचित्र, प्रसंगचित्र, मग निसर्गचित्र अशी एक न लिहिलेली उतरंड होती. माध्यमांतही तशीच उतरंड होती आणि तैलरंगाच्या खाली जलरंग येई. चांगला जलरंगकार म्हणजे पुढे तैलरंगात काहीतरी मोठे करील असा होतकरू, असे मानण्याची रीत होती. ही समजूत आजही पुरती गेलेली नाही. बाजारभाव पाहिले की ती लगेच दिसते. कमी मानाचा विषय आणि कमी मानाचे माध्यम अशा दोन्ही गोष्टी निवडून धोंड तिथेच राहिले. तैलरंगाकडे जाण्याची पायरी म्हणून त्यांनी जलरंग वापरला नाही.

पारदर्शक जलरंगाचे गणित इथे थोडे समजून घ्यायला हवे, कारण धोंडांचे सारे कसब त्यात आहे. तैलरंगात अंधाराकडून उजेडाकडे येता येते. चुकले तर खरवडता येते, वर दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरायचाच नसतो. उजेड असतो तो कागदाचा. रंग म्हणजे त्या उजेडावर टाकलेला पातळ पडदा. म्हणून चित्र फिक्याकडून गडदाकडे जाते आणि जिथे लख्ख उजेड हवा तिथे आधीपासूनच हात आवरावा लागतो. लाटेचा फेस, ओल्या वाळूवरचे चकाकणे, ढगाची कड या साऱ्या गोष्टी चित्रकार रंगवीत नाही, शिल्लक ठेवतो. एकदा रंग चढला की तो उजेड परत येत नाही. खरवडला तर कागद दुखावतो आणि ते लपत नाही.

शिवाय समुद्र हा या माध्यमाला सर्वांत अडचणीचा विषय आहे. झाड, घर, देऊळ यांना आकार असतो. एखादी रेघ चुकली तरी ती सावरून घेता येते. समुद्राला आकार नाही. त्यात एकच पक्की गोष्ट, ती म्हणजे क्षितिजरेषा, आणि ती किंचित जरी कलली तरी सारे पाणी एका बाजूला ओघळू लागते. आकाशाचा वॉश ओला असताना क्षितिज टेकवले तर ते फुटून वर चढते. पुरता वाळल्यावर टेकवले तर कात्रीने कापल्यासारखे दिसते आणि हवेतला खारा दमटपणा नाहीसा होतो. मधला क्षण पकडावा लागतो. कोकणच्या हवेत कागद लवकर वाळत नाही, वारा सुटला की अचानक वाळतो. तो क्षण घड्याळावर सापडत नाही. तो हातात मुरलेला असावा लागतो. धोंडांच्या बऱ्याच चित्रांत क्षितिज कुठे स्पष्ट तर कुठे विरलेले दिसते. एकाच रेषेत असे दोन स्वभाव ठेवता येणे ही त्यांची खूण.

त्यांची आणखी एक खूण म्हणजे ओल्या रंगाशेजारी कोरडा कुंचला. आकाश आणि दूरचे पाणी ओल्या कागदावर सोडलेल्या रंगांतून आपोआप एकमेकांत मिसळते. मग पुढच्या पाण्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याचा एक झपाट्याचा हात फिरतो; खरबरीत कागदाच्या उंचवट्यांवर रंग लागतो, खळगे पांढरे राहतात आणि उन्हात तुकडे तुकडे होऊन चमकणारे पाणी उभे राहते. होडीचा नाळेकडचा बाक एका फटकाऱ्यात, तिचे पाण्यातले प्रतिबिंब दुसऱ्या. एवढ्यावर चित्र थांबते. अशी चित्रे फार वेळ चालू ठेवताच येत नाहीत. वेळ लागतो तो आधी, पाहण्यात.

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, हे सांगण्याची गरज वाटत नाही, पण चित्रात त्याचा अर्थ फार मोठा होतो. सकाळी सूर्य चित्रकाराच्या पाठीमागे, जमिनीच्या बाजूला असतो. पाणी सपाट, होड्यांचे रंग स्पष्ट, सावल्या समुद्राकडे पडलेल्या. मतलई वाऱ्यांनी, म्हणजे जमिनीवरून दर्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यांनी, लाटा दबलेल्या. दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि पाणी उठते. संध्याकाळी ऊन समोरून येते. होड्या आणि माणसे काळसर आकृत्या होतात आणि पाणी त्यांच्यापेक्षा उजळ दिसते. पावसाळ्याच्या तोंडाशी आभाळ आणि पाणी यांत रंगाचा फरकच उरत नाही, खाडीच्या मुखाशी पाणी गढूळ तांबूस होते. उधाणाचा किनारा वेगळा, भांगाचा वेगळा. धोंडांचे समुद्र एकमेकांसारखे वाटतात असे म्हणणाऱ्याने चार चित्रे शेजारी ठेवून फक्त वेळ ओळखण्याचा प्रयत्न करावा. बहुतेकांत तो प्रहर सांगता येतो. वास्तववादी हे विशेषण त्यांना लागते ते या अर्थाने. होडीचा दोर किती पदरी आहे हे ते सांगत नाहीत. हवा कशी होती हे मात्र खात्रीने सांगतात.

पाश्चात्त्य चित्रकलेत समुद्र पुष्कळदा संकट म्हणून येतो. इंग्लंडच्या टर्नरने वादळे आणि बुडती जहाजे रंगवली. अमेरिकेचा विन्स्लो होमर १८८३पासून मेन राज्यातल्या प्राउट्स नेक इथल्या खडकाळ किनाऱ्यावर राहिला आणि माणूस विरुद्ध लाट असा सामना त्याने उभा केला. होमर जलरंगाचाही मोठा उस्ताद होता, म्हणून ही तुलना अगदीच अस्थानी नाही. धोंडांच्या चित्रात सामना नाही. तिथे माणसे लहान आहेत, पण हरलेली नाहीत. ती कामात आहेत: होडी लोटताहेत, जाळे सुकत घालताहेत, टोपल्या घेऊन ओल्या वाळूवरून चालताहेत. ज्या किनाऱ्यावर समुद्र हे रोजचे शेत आहे, तिथल्या माणसाला तो सतत भव्य वाटत राहणे शक्य नाही.

धोंड या कामात मुरत होते त्याच काळात मुंबईची चित्रकला कूस पालटत होती. १९३६ साली जे. जे.ची सूत्रे चार्ल्स जेरार्ड यांच्याकडे आली आणि युरोपातल्या नव्या चित्रकलेचे वारे वर्गांत शिरले. पाठोपाठ व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी तरुणांना नवे पाहायला शिकवले. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. गंमत अशी की या बंडखोरांपैकी सय्यद हैदर रझा यांनी चाळिशीच्या दशकात मुंबईची जी दृश्यचित्रे केली त्यांत जलरंगांतली कामे मोठी आहेत. रझांसाठी तो प्रवासातला एक मुक्काम ठरला. १९५० साली ते पॅरिसला गेले आणि त्यांचे निसर्गचित्र हळूहळू रंगांच्या भूमितीत विरघळले. धोंडांनी मुक्काम हलवला नाही.

म्हणून ते जुन्या वळणाचे, असा निकाल लगेच देऊ नये. आकाशाचा एक पट्टा, पाण्याचा एक पट्टा, वाळूचा एक पट्टा आणि मध्ये एखादा गडद फटकारा, इतक्या थोड्या ऐवजावर उभी असलेली त्यांची काही चित्रे अमूर्ताच्या उंबरठ्यावर येतात. होडीवर बोट ठेवून ती झाकली तर समोर फक्त रंगांचे तीन ओले थर उरतात. उंबरठा ओलांडायचा नाही हा त्यांचा निर्णय होता, अज्ञान नव्हते. ज्या संस्थेत ते वावरत होते तिथे अमूर्तावर रोज चर्चा झडत असताना ते अज्ञानी राहणे शक्यही नव्हते.

या संस्थेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले तो काळ जे. जे.च्या फेररचनेचा होता. १९५८ साली वास्तुकला आणि उपयोजित कला हे विभाग वेगळे होऊन त्यांच्या स्वतंत्र संस्था झाल्या. मूळ संस्थेकडे चित्रकला, शिल्पकला आणि संबंधित कला राहिल्या. नोकरीची हमी देणारी जाहिरातकला शेजारच्या इमारतीत गेल्यावर 'चित्रकला शिकून करायचे काय' हा पालकांचा प्रश्न उरलेल्यांना अधिक जोराने भिडू लागला. १९६५ साली राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले आणि कलाशिक्षणाच्या सरकारी कारभाराची घडीही बदलली. धोंड १९६८पर्यंत अधिष्ठाता होते; त्यांच्यानंतर शंकर पळशीकर त्या पदावर आले. त्या दशकात जे. जे.तून बाहेर पडलेल्यांची किंवा तिथे शिकत असलेल्यांची नावे पाहिली तर मौज वाटते. मनू पारेख आणि लक्ष्मण श्रेष्ठ, प्रभाकर कोलते, नलिनी मलानी. अमूर्त चित्रकार आणि पुढे मांडणशिल्प व व्हिडिओकडे वळलेली कलावती! पारदर्शक जलरंगात होड्या रंगवणाऱ्या अधिष्ठात्याच्या छत्राखाली हे सारे वाढले. पळशीकर, संभाजी कदम यांच्यासारखे स्वतंत्र बुद्धीचे शिक्षक त्याच काळात तिथे शिकवत होते. प्रमुखाची शैली ही संस्थेची शैली होऊ न देणे ही प्रशासकाची गुणवत्ता म्हणून क्वचितच नोंदली जाते. धोंडांच्या बाबतीत ती नोंदवायला हवी. सरकारी फायली, परीक्षा आणि बदल्या यांच्या गराड्यात दहा वर्षे काढूनही त्यांचा जलरंग ताजा राहिला, हेही काही कमी नाही.

'रापण' हे पुस्तक निवृत्तीनंतरचे, १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेले. आठवणी आणि माणसे यांचे हे पुस्तक जे. जे.चे अंतरंग आणि तिथले वल्ली यांच्यामुळे वाचकप्रिय झाले. कलावंतांवरचे मराठी लेखन बहुधा एकतर भाबड्या गौरवाचे असते किंवा जड परिभाषेचे. धोंडांचे गद्य या दोन्हींपासून दूर आहे. मिश्कील, बोलघेवडे, कोकणी माणसाच्या तिरकस नजरेचे. पण ज्याची थट्टा चालली आहे त्याच्याविषयी आतून ओलावा असलेले. चित्रांत जो लेखक आपल्या भावना एका फटकाऱ्यात आवरतो, तोच इथे गप्पांत मोकळा होतो.

पुस्तकाचे नाव मात्र घाटावरच्या वाचकाला समजावून सांगावे लागते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढण्याचे प्रचंड लांब जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. मग दोन बाजूंना माणसांच्या रांगा लागतात आणि तासन् तास दोर ओढत जाळे वाळूवर आणले जाते. पन्नास-पन्नास, कधी त्याहून जास्त माणसे लागतात. बांगडा, तारली, खेकडे, जेलीफिश, समुद्राचा कचरा, जे येईल ते एकत्र येते आणि मासळीचे वाटे पडतात. दोराला हात लावणाऱ्यालाही काही मिळते. आठवणींच्या पुस्तकाला याहून नेमके नाव मिळणे कठीण. त्यात योगायोगाची एक खंतही आहे. पुस्तक आले त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी वाढू लागली होती. किनाऱ्याजवळ येणारे थवे खोल समुद्रातच घेरले जाऊ लागले आणि रापणकरांच्या हाती रिकामी जाळी येऊ लागली. मालवण परिसरातला पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांचा संघर्ष पुढे वर्षानुवर्षे बातम्यांचा विषय झाला. शिडाची होडी आणि दोर ओढणारी माणसांची रांग या गोष्टी धोंडांच्या तरुणपणी रोजच्या होत्या. आज त्यांची चित्रे पाहताना त्या दस्तऐवज झालेल्या दिसतात. दस्तऐवज करण्याचा त्यांचा हेतू होता असे मानण्याचे कारण नाही.

२००१ साली, नव्वदी ओलांडलेल्या वयात, धोंड गेले. त्यांच्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत महाराष्ट्रात जलरंगाची लोकप्रियता कमालीची वाढली. प्रात्यक्षिके, कार्यशाळा, इंटरनेटवरच्या चित्रफिती यांमुळे ओल्या कागदावर आकाश सोडणे आणि कोरड्या कुंचल्याने पाणी चमकवणे हजारो हातांना जमू लागले. यांतल्या पुष्कळ चित्रांत धोंडांची पद्धत आहे, पण प्रहर नाही. कोणत्याही दिवसाचा, कोणत्याही किनाऱ्याचा समुद्र तिथे सारख्याच तयारीने उगवतो. ही तुलना नव्या चित्रकारांना झोडपण्यासाठी नाही; मूळ चित्रे सहज पाहायला मिळत नसतील तर तंत्र पुढे जाते आणि पाहणे मागे राहते, एवढाच मुद्दा आहे.

मूळ चित्रे सहज पाहायला न मिळण्याचे एक कारण माध्यमातच आहे. कागदावरचा जलरंग उजेड सोसत नाही. संग्रहालये अशी कामे साधारण पन्नास लक्सच्या मंद प्रकाशात, तीही थोड्या काळापुरती, मांडतात आणि उरलेला वेळ ती खणांत ठेवतात. खासगी घरांत नेमके उलटे घडते. समुद्राचे प्रसन्न चित्र म्हणून ते दिवाणखान्यात खिडकीसमोर लागते. निळ्या-करड्या छटांतले नाजूक रंग आधी उडतात; आकाश फिकट होते, मातकट रंग तेवढे उरतात आणि सकाळचे चित्र संध्याकाळचे वाटू लागते. फ्रेमवाल्याने मागे लावलेल्या साध्या पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरून तो पिवळा पडतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशीचे तपकिरी ठिपके येतात ते वेगळेच. धोंडांची कामे लिलावांतून फिरू लागल्यापासून त्यांना किंमत आली आहे, पण जुन्या ओळखीपाळखीत, भेट म्हणून किंवा माफक मोलात गेलेली चित्रे अजूनही घरोघरी असणार. अशा चित्राची फ्रेम एकदा उघडून पुठ्ठा आम्लमुक्त आहे की नाही हे पाहावे, काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये माउंटची जागा ठेवावी, ओल धरणाऱ्या भिंतीवरून ते काढावे आणि थेट ऊन येणार नाही अशा आतल्या भिंतीवर लावावे.